ठमीचं पथ्य

"आजपासून मासे पूर्ण बंद," डॉक्टर प्राप्ती म्हणाल्या आणि मी मुकाट्याने "बरं" म्हणालो. एकाहत्तराव्या वर्षी डॉक्टर जे जे बंद करतील ते बंद करायची सवय झालेली असते. मीठ गेलं, साखर गेली, आता मासे. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुचिता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, तुमचे नव्हे. ठमीचे."

ठमी आमची मांजर. वय वर्षं सात. नाव ठेवलं तेव्हा ते शोभेल इतकी गुबगुबीत होती आणि पुढे चार किलोंपर्यंत गेली. आता दवाखान्याच्या काट्याने दोन किलो सहाशे ग्रॅम दाखवले होते. दोन महिने जुलाब, मधूनमधून उलट्या, आणि पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यायचे. मी ते मोजत असे. मोजून काही उपयोग नव्हता, पण मला काळजी वाटू लागली की मी मोजायला लागतो.

तिच्या आतड्याला आतून सूज आली होती. तिचं शरीर तिच्या रोजच्या अन्नालाच शत्रू समजत होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. उपाय असा होता की मुंबईहून एक खास खाद्य मागवायचं. त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की ते मुळात कशाचे हे आतड्याला ओळखूच येत नाही. आठ आठवडे फक्त तेच द्यायचं, दुसरा कण नाही. सोबत सूज उतरवणारी गोळी, दिवसातून एकदा. आणि एक वही. ठमीच्या तोंडात काय गेलं आणि पुढे काय बाहेर आलं, याची रोज नोंद करायची.

वहीचं नाव निघालं तेव्हा मला जरा धीर आला. चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला मांजर सांभाळता येईल की नाही, याची मला खात्री नाही. नोंद मात्र येते. पहिल्या आठवड्याची वही डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचली.

"काका, इथे 'सकाळी ठमी विषण्ण' असं लिहिलंय."

"हो. खिडकीत बसून समुद्राकडे बघत होती."

"घट्ट की पातळ, एवढंच लिहा."

गोळीचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. मांजरीला गोळी कशी द्यावी याविषयी मी तीन लेख वाचले. तिन्हींमध्ये मांजरीला टॉवेलात गुंडाळायला सांगितलं होतं, पण मांजर टॉवेलात कशी आणायची, यावर तिन्ही लेखकांनी मौन पाळलं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर इतके ओरखडे होते की दूधवाल्याने विचारलं, "काय करवंदीत पडलात काय?" शेवटी सुचिताने गोळी खलबत्त्यात कुटली, बरणीतली चिमूटभर पूड घालून सारखी केली, थेंबभर पाण्यात कालवली आणि बोटावर धरली. ठमीने बोट चाटून लख्ख केलं. मी वहीत लिहिलं, 'गोळी घेतली. विनातक्रार.' सुचिता पदर खोचून म्हणाली, "वाचत काय बसता? मला विचारायचं."

थळसारख्या समुद्रकाठच्या गावात मांजरीला मासे न देणं ही खाजगी बाब राहू शकत नाही. आमच्या गल्लीत सकाळी सोनूबाई पाटी घेऊन येते. वीस वर्षं तिच्याकडून मासे घेतोय. पाटी ओट्यावर टेकली की ती आधी एक मांदेली ठमीला टाकायची आणि मग आमच्याशी भावाची घासाघीस करायची. तिला मी पथ्य सांगितलं, तेव्हा तिच्या हातातली मांदेली हातातच राहिली.

"मांजरीला म्हावरा न्हाय द्यायचा? मग काय भाऊ, पुस्तकं खायला घालताव तिला?"

शेजारचा काळूराम कुंपणापाशी उभा होता. त्याचे दोन ट्रक कारखान्याच्या कामावर असतात आणि त्याचं मत जगातल्या सर्व विषयांवर असतं. तो म्हणाला, "टिपणीसकाका, ताक पाजा. माझ्या मेव्हण्याच्या म्हशीला असंच झालं होतं."

"मग बरी झाली?"

"विकली त्यानं. पण घेणारा काही परत आला न्हाय. म्हंजे बरीच झाली असेल."

मला रात्रंदिवस एकच भीती होती. कुणीतरी प्रेमाने एक मासा टाकील आणि आठ आठवडे पाण्यात जातील. तोंडाने सांगणं मला जमत नाही. ग्रंथालयातसुद्धा मी 'शांतता राखा' असं कधी म्हणालो नाही, पाटीकडे बोट दाखवायचो. म्हणून मी फाटकाला एक फलक लावला: 'या घरातील मांजर वैद्यकीय देखरेखीखाली आहे. तिला मासळी अथवा मासळीजन्य पदार्थ देण्याचे कृपया टाळावे.' 'देऊ नये' लिहावं की 'देण्याचे टाळावे', यात माझा अख्खा सकाळचा वेळ गेला. काळूरामने तो सावकाश वाचला आणि म्हणाला, "काका, खाली जावक क्रमांक राहिला."

तिसऱ्या आठवड्यात ठमी दोन किलो चारशेवर आली. डॉक्टरांनी गोळी दोन वेळा केली. शिवाय जंत वगैरे नाहीत ना याची खात्री म्हणून शौचाचा नमुना तपासायला सांगितला. त्यांचा माणूस फक्त मंगळवारी नमुने घेऊन जाई आणि त्या दिवशी बुधवार होता. पुढच्या मंगळवारापर्यंत थांबायचं काळीज माझ्याकडे नव्हतं. मी नमुना एका स्वच्छ डबीत घालून अलिबागला बसस्थानकाजवळच्या एका तपासणी केंद्रात गेलो. तिथे माणसांचे नमुने तपासतात हे मला माहीत होतं. शौच म्हणजे शौच, असं मी स्वतःला समजावलं होतं.

खिडकीत दिपेश नावाचा तरुण होता. त्याने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"ठमी."

"आडनाव?"

मी घुटमळलो. मागे सात माणसं उभी होती. "टिपणीस," मी म्हणालो.

"वय?"

"सात."

तेव्हा त्याने वर बघितलं. त्याचा आवाज मऊ झाला. "नात का काका?"

इथे माणूस स्वभावाने कसा आहे याची परीक्षा होते. कुणी दुसरा असता तर त्याने हसून खरं सांगितलं असतं. माझ्या मागच्या बाई 'अरेरे' म्हणाल्या. मी मान हलवली. कोणत्या दिशेला हलवली ते मला नीट आठवत नाही, पण दिपेशने ती होकाराची धरली.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवरून स्वतः घरी आला, रिपोर्ट घेऊन. जंत नव्हते. "पण काका, मुलीला शाळेत पाठवू नका. आणि पोटात काही राहत नसेल तर दाखल करा लगेच. लहान जीव असतो." तो हे फाटकात उभा राहून म्हणाला, आणि काळूराम कुंपणापाशी होता, तो नेहमी असतोच. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे शहाळी आली चार, मऊ भाताची भांडी दोन, आणि काळूरामची बायको दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आली. आमचा मुलगा पुण्याला असतो आणि त्याचं अजून लग्न झालेलं नाही, त्यामुळे नातीच्या बातमीला गल्लीत एक वेगळीच धार होती.

सुचिताने सर्वांना बसवलं, चहा दिला आणि ठमीला उचलून मध्ये ठेवली. "ही बघा नात. आजोबांवर गेलीय." तिने जी वाक्यं पुढे उच्चारली ती मी इथे लिहीत नाही.

पण हे सगळं सोसलं असतं. ठमी सुधारली असती तर मी गावभर सात नातींचा आजोबा म्हणून मिरवलो असतो. ती सुधारत नव्हती. गोळी दुप्पट झाली आणि जुलाब वाढले. पाचव्या आठवड्यात दोन किलो दोनशे. मग माझ्या मनात संशय आला, आणि संशय आला की बुजऱ्या माणसाइतका धोकादायक कुणी नसतो, कारण तो विचारत नाही, मनातच निकाल लावून टाकतो. एके सकाळी सोनूबाई भिंतीपाशी वाकलेली दिसली. ती गल्लीतल्या दुसऱ्या मांजरांना माशांची डोकी टाकत होती. मी बाहेर गेलो.

"सोनूबाई, तुमच्याकडून, म्हणजे अनवधानाने, आमच्या ठमीलाही काही, म्हणजे, प्रेमापोटी..."

ती सरळ झाली. "चोरून घालते म्हनता मी?"

"तसं नव्हे, पण शक्यता नाकारता..."

"वीस वर्सं या दारात येते मी, भाऊ." तिने पाटी डोक्यावर चढवली, कुणाचीही मदत न घेता. "आता न्हाय येनार. कुनाला मारायला म्हावरा विकत न्हाय मी."

आणि ती आली नाही. मग मासेही नाहीत. सुचिता माझ्याशी मोजकं बोलू लागली. घरात रोज सोडे: वांग्यात सोडे, पोह्यांत सोडे, खिचडीत सोडे. ठमीला आम्ही घरातच कोंडली, खिडक्यांना जाळी ठोकली. आता तर बाहेरून कण आत यायची सोय नव्हती. तरी सहाव्या आठवड्यात काटा दोन किलो शंभरावर थांबला.

"काका," डॉक्टर प्राप्ती म्हणाल्या, "पथ्य चालू आहे, गोळी वाढवून झाली, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. आजार दाद देत नाहीये." मी मान खाली घातली. आजार ठमीचा, औषध डॉक्टरांचं, पण शिक्षकाने वर्गाकडे बघून 'कुणीतरी अभ्यास केला नाही' म्हटलं की मी आयुष्यभर मान खाली घातलेली आहे. "आता मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. भूल देऊन आतड्याचा तुकडा काढून तपासतात. मग पुढचं औषध. ते कर्करोगात देतात त्या जातीचं आहे, हातमोजे घालून द्यावं लागतं."

"भूल," सुचिता म्हणाली. "या वजनाला?"

"धोका आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण मला त्या क्षणी मुळीच आवडला नाही.

रस्त्याने मुंबई म्हणजे चार तास, ठमी वाटेतच जाईल. बोटीने एक तास. मी मांडव्याला चौकशीला गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पिंजऱ्यात असणार की मांडीवर? पिंजऱ्यात असली तर सामान." आजारी असली तर, मी विचारलं. तो म्हणाला, मग साहेबांना विचारा. साहेब पलीकडून येणाऱ्या बोटीवर होते. दीड तासाने साहेब उतरले आणि त्यांनी मला कागदांची यादी सांगितली. त्यात शेवटी होता: 'प्राणी समुद्रप्रवासास तंदुरुस्त असल्याचा दाखला.'

तो मागायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टर प्राप्ती म्हणाल्या, "काका, ती तंदुरुस्त असती तर मी तिला मुंबईला कशाला पाठवलं असतं?" पण त्यांनी लेटरहेड काढलं. मुंबईच्या डॉक्टरांसाठी इतिहासही लिहून द्यायचा होता. सुचिता ठमीला मांडीवर घेऊन बसली होती आणि मी वही उघडून एकेक पान सांगत होतो. खाद्य तेच, पाणी तेच, बाहेरचं काही नाही, मासे नाहीत, कोंबडी नाही, दूध नाही.

"गोळी सहज घेते?"

"विनातक्रार," मी जरा अभिमानाने म्हणालो.

"नवल आहे. ती गोळी कडू असते. कशातून देता?"

"पूड घालून," सुचिता म्हणाली.

"कसली पूड?"

"सोड्यांची."

पेन थांबलं. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता, तोही थांबला असं मला वाटतं.

"सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी ना?"

"हो."

"मी मासे बंद म्हटलं होतं."

"बंदच आहेत!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. सुचिताने तर हातही उडवला. "सोडे म्हणजे मासे नव्हेत हो!"

वाचकांपैकी जे आमच्या ज्ञातीचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा कायस्थांच्या घरात मासे म्हणजे पाटीतून येतात ते. सोडे बरणीत असतात. 'आज मासे मिळाले नाहीत, सोडे घालते,' हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलं, बायकोच्या तोंडून ऐकतो. या वाक्यातून सोडे हे मासे असल्याचा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्राने निघतो, हे कुणी मला दाखवावं. पण ठमीच्या आतड्याने तो काढला होता. दिवसाला एक गोळी तेव्हा एक चिमूट. दोन गोळ्या झाल्या तेव्हा दोन चिमटी. औषध वाढवत होतो तसं आम्ही विषही वाढवत होतो, आणि मी ते वहीत, सुवाच्य अक्षरात, विनातक्रार म्हणून नोंदवत होतो.

सुचिताने ठमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी म्हणालो, "वही माझी होती. मी विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "बरणी माझी होती." बेचाळीस वर्षांत एखादी चूक आपली आहे यावरून आम्ही प्रथमच भांडत होतो.

डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली. फाडली नाही. "तीन आठवडे. गोळी त्याच खाद्याच्या लगद्यातून द्या. हेच एक कारण असेल असं नाही, मूळ आजार आहेच. दोन किलोंच्या खाली गेली तर मी थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सोनूबाईला पत्र लिहिलं. चार खर्डे झाले. पाचवा घेऊन बंदरावर गेलो. ती आठदहा जणींबरोबर मासे लावून बसली होती. मी पत्र पुढे केलं आणि परत वळलो.

"थांबा. चष्मा घरी ऱ्हायला माझा. वाचा तुमीच."

"इथे?"

"मग काय रेवसला जाऊन वाचनार?"

मी वाचू लागलो. "सौ. सोनूबाई यांस, सप्रेम नमस्कार. गेल्या पंधरवड्यात माझ्याकडून आपणांवर जो निराधार आरोप..."

"निराधार म्हंजे?"

"खोटा."

"मग खोटा म्हना. आनि जरा मोठ्यानं, कमळला आयकू येत न्हाय."

कडेला बसलेल्या म्हाताऱ्या कमळने कान पुढे केला. मी आयुष्यात प्रथमच उघड्यावर मोठ्याने म्हणालो, "खोटा आरोप!" एका गिऱ्हाइकाने पापलेट खाली ठेवलं.

"मग कोनी घातला म्हावरा?"

"आम्हीच. सोडे घातले. गोळीत."

बंदरावरच्या त्या सगळ्या जणी एकदम बोलू लागल्या. "सोडे? सोडे काय म्हावरा हाय?" "कोन डाक्टर हाय ती? मुंबयची असेल!" मला इतका धीर गेल्या दोन महिन्यांत कुणी दिला नव्हता. सोनूबाई मात्र हसली नाही. तिने पत्र घेतलं, घडी करून कनवटीला लावलं आणि विचारलं, "जगेल ना ती?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग जावा घरी."

ते तीन आठवडे मी कसे काढले, ते लिहिण्यासारखं नाही. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मी ठमीच्या खिडकीखालच्या रेतीच्या पेटीपाशी जायचो, झाकण उघडायचो, बघायचो आणि वहीत 'पातळ' लिहायचो. पुस्तक उघडलं तर एकच पान पुन्हापुन्हा वाचायचो. आठव्या दिवशी काट्यावर दोन किलो तीस ग्रॅम. डॉक्टरांनी ड्रॉवरकडे बघितलं. सुचिता म्हणाली, "अजून खाली नाही गेली," जणू ते तीस ग्रॅम तिने स्वतःच्या हाताने धरून ठेवले होते. बाराव्या दिवशी 'पातळ, पण कमी'. चौदाव्या दिवशी मला 'मध्यम' लिहायचा मोह झाला, पण मी आवरला. मला माझ्या आशेवर विश्वास नव्हता.

सतराव्या दिवशी सकाळी मी झाकण उघडलं आणि तसाच राहिलो. मग हाक मारली. सुचिता पिठाच्या हातांनी आली, माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली. आम्ही दोघं पेटीत वाकून बघत होतो. तिने विचारलं, "हे तेच ना?" मी म्हणालो, "तेच."

कुंपणावरून काळूरामचा आवाज आला. "काय सापडलं काका? दोघं वाकून काय बघताय?"

आणि मी, ज्याने ग्रंथालयात कधी आवाज चढवला नाही, उभा राहिलो आणि पार कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडलो, "शी! ठमीला घट्ट शी झाली!"

गल्लीत तीन खिडक्या उघडल्या. काळूराम कुंपण ओलांडून आला, फाटक उघडं असताना. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं, 'मुंबई सध्या नको. पथ्य कायमचं. शनिवारी वजनाला आणा.' मी ते सुचिताला वाचून दाखवलं आणि 'सध्या' हा शब्द मला टोचला, पण तो मी मोठ्याने वाचला.

कोपऱ्यावरून सोनूबाई येत होती. तिने ऐकलं होतं. न ऐकणं शक्यच नव्हतं. फाटकापाशी येऊन ती थांबली. मग मागे फिरली, पाटी काळूरामच्या ट्रकच्या फळीवर, पार पलीकडे, झाकून ठेवली. परत आली ती सरळ आमच्या अंगणातल्या नळावर गेली. साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले, नाकाशी नेऊन वास घेतला, मान हलवली आणि पुन्हा धुतले. तीनदा. सुचिताने दिलेल्या पंच्याला पुसले आणि तेव्हाच उंबरा ओलांडला.

ठमी पुढे आली. तिने सोनूबाईची बोटं एकेक करून हुंगली, तळवा हुंगला, मनगट हुंगलं. काहीच नव्हतं. तिने आमच्या सर्वांकडे अत्यंत दुखावलेल्या नजरेने पाहिलं, वळली, आपल्या वाटीपाशी गेली आणि तो मातकट लगदा खाऊ लागली.

"खाते," सोनूबाई अगदी हळू म्हणाली.

वाटी रिकामी होईपर्यंत आम्ही चौघांपैकी कुणीही हललं नाही.